अंगी लागलेलं

करंजीच्या घाटात मोबाईलला रेंज नसते. त्या दिवशी सकाळी शेवगाव–नगर गाडीत मी तिकिटं फाडत होतो... आता फाडत नाही म्हणा, मशीनमधून काढतो, पण तोंडात तोच शब्द बसलाय. घाट चढून गाडी वर आली आणि खिशातला फोन एकदम थरथरायला लागला. दाजींचे पाच मिस्ड कॉल. मी लगेच परत फोन लावला नाही. पाच कॉल म्हणजे काय ते मला कळलं होतं. पुढच्या थांब्यावर चार बाया चढल्या, त्यांची तिकिटं दिली, एकीला सुटे परत केले, आणि मग मागच्या सीटवर बसून फोन लावला. दाजी एवढंच म्हणाले, "बाळू, अक्का गेली. सावकाश ये." त्यानंतर नगर येईपर्यंत मी गाडीत उभाच होतो.

सुमनअक्का माझी सख्खी बहीण, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. नगरच्या एका दवाखान्यात तिनं पंचवीसहून जास्त वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं. पेशंटनं काय खावं, किती खावं, हे सांगणं तिचं काम. पण तिचा स्वतःचा प्रश्न वेगळा होता. माणूस खातो किती हे तिला फारसं महत्त्वाचं वाटायचं नाही, त्यातलं अंगी लागतं किती हे तिला हवं असायचं. पेशंट म्हणायचा, मी रोज दोन वाट्या डाळ खातो. ती विचारायची, शिजते का नीट? कशाबरोबर खाता? वर लगेच चहा पिता का? लोकांना वाटायचं बाई फार खोलात शिरते. तो प्रश्न तिला कुठून मिळाला ते मला ठाऊक आहे, कारण तो आमच्याच घरातून निघाला होता. त्यात माझा हात किती होता, हे मात्र अगदी शेवटी शेवटी तिला कळलं, आणि तेच लिहायला मी बसलोय. लिहिणं हे माझं काम नाही. चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, कोरडवाहू. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचं. आम्ही जात नव्हतो, कारण आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घोडेगावच्या बाजारातून एक गाय आणली होती आणि तिच्यावर घर कसंबसं चालत होतं. सकाळचं सगळं दूध गावातल्या डेअरीला. संध्याकाळच्या दुधातलं चहापुरतं ठेवून एक पेला निघायचा, आणि तो माझा होता. त्यावर कधी चर्चा झाली नाही. मला मिलिटरीत घालायचं अण्णांनी ठरवलं होतं. नगरला भरती व्हायची, तिथं छाती मोजतात, पळवतात, म्हणून पोराला दूध पाहिजे. अक्का चुलीपुढं बसून पेला भरायची आणि माझ्या हातात द्यायची. तिच्या ताटात बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, काहीतरी. कधी पिठाचे वळलेले शेंगुळे, कधी पातळ माडगं, कधी नुसती उसळ. मटकी असली तर मटकी. ती मुकाट्यानं जेवायची. मागितलं असतं तर कुणी मारलं नसतं तिला, पण मागायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं, आणि मलाही.

अक्का हुशार. स्कॉलरशिप मिळवून परभणीला गृहविज्ञान शिकायला गेली. गावात लोक अण्णांना म्हणायचे, पोरीला सैपाक शिकायला एवढ्या लांब धाडली व्हय. दुसऱ्या वर्षाला असताना ती सुट्टीला आली. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. अक्कानं वही उघडली आणि आईला वाचून दाखवायला लागली. दुधातलं प्रथिन शरीर जवळजवळ सगळं उचलतं. डाळी-कडधान्यातलं तसं नाही. दाण्याच्या सालीत, कोंड्यात असं काही असतं की ते प्रथिनाला पोटात सहज सुटू देत नाही. बरंचसं तसंच बाहेर पडतं. शिवाय शरीराला जे जे घटक लागतात ते सगळे दुधात पुरेसे असतात, एकट्या कडधान्यात एखादा कमी पडतो. वाचून झाल्यावर वही मिटून ती म्हणाली, "म्हंजे आई, बाळूला दिलं ते लागलं, आन् मला दिलं त्यातलं निम्मंशिम्मं वायाच गेलं."

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "आन् म्या काय खाल्लं, त्ये बी लिव्हलंय का तुझ्या वहीत?"

मी दाराशी बसलो होतो. आईनं काय खाल्लं हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सगळ्यांची ताटं झाली की आई चुलीच्या कडेला बसायची, आणि ती काय जेवते हे बघायला तिथं कुणी थांबलेलं नसायचं. त्या दिवशी अक्का थांबली. भाकरी आणि उसळीचं पाणी. त्यानंतर दुधावरून ती आईला कधी बोलली नाही. पण तिच्या डोक्यातला प्रश्न त्या दिवसापासून फिरला असावा. मला दूध का मिळालं नाही, इथून तो उठला आणि ज्यांना दूध मिळणारच नाही त्यांच्या अंगी काय लागेल, इथं जाऊन बसला.

पुढं नोकरी लागल्यावर ती मला सांगायची. माझी गाडी नगरला तासभर थांबायची, तेवढ्यात मी दवाखान्यामागच्या टपरीवर जायचो, ती डबा घेऊन यायची. सांगण्याची तिला हौस. म्हणायची, आई अडाणी होती पण चुकत नव्हती. हुलग्यात जे कमी पडतं ते बाजरीत असतं, बाजरीत जे कमी ते हुलग्यात. दोन्ही एका ताटात आली की एकमेकांची उणीव भरून निघते. कडधान्य रात्रभर भिजवलं, ते पाणी टाकलं, मोड आणले, मऊ शिजवलं, की दाणा आपली पकड सैल सोडतो. दुधाची बरोबरी होत नाही, ती तसं कधी म्हणायची नाही. खोटं समाधान तिला चालायचं नाही. पण पुष्कळ जवळ जाता येतं, म्हणायची. अलीकडं जिममधली पोरं तिच्याकडं प्रथिनांच्या पावडरीचे डबे घेऊन यायची. मॅडम, दुधाची पावडर चांगली का सोयाबीनची? ती त्यांना आधी विचारायची, सकाळी घरी काय जेवून आलास? बहुतेक पोरं काहीच जेवून आलेली नसायची. मग ती हसायची. तिचं हसू मोठं होतं, टपरीवरचे लोक वळून बघायचे.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिनं आमच्या गावात एक खोली मागून घेतली. डेअरीचं दूध संकलन बंद पडलं होतं, तीच खोली. अजूनही भिंतीला आंबूस वास येतो. तिथं दर शनिवारी ती ऊसतोडीच्या घरांतली लहान लेकरं बघायची. एक टांगता काटा, एक वही, दोन सतरंज्या. दवाखान्यातून निघून ती माझ्याच गाडीनं यायची, आणि तिच्या तिकिटाचे पैसे मी भरले तर रागवायची. शनिवारी माझी पाळी लवकर संपली की मी तिथं जाऊन बसायचो, लेकरांना झोळीत घालायला मदत करायचो. बाया आधी बिचकायच्या. मग ती त्यांच्याच बोलीत सुरू व्हायची. मटकी भिजवती का? पानी टाकून देती का? वाटून घाल, तसंच्या तसं घालू नको. उसावर जाशील तवा हुलग्याचं पीठ भाजून संगं ने. घरी गाय असेल तर दूध सगळं घालवू नको, लेकराच्या तोंडाला लागू दे.

आणि एक प्रश्न ती प्रत्येक मुलीच्या आईला विचारायची, अगदी सहज, वहीत मान घालून. हिला भाऊ हाय का? त्याला किती देती? बाई सांगायची, त्याला अर्धा पेला, हिला चहातलं. अक्का म्हणायची, आजपास्नं दोघांला पाव पाव दे. असं ती म्हणायची तेव्हा मी काट्याची दोरी नीट करत बसायचो. तिनं माझ्याकडं कधी पाहिलं नाही. माझ्याबद्दल ती बोलतच नव्हती. तिच्या दृष्टीनं माझा त्यात काही दोष नव्हताच. मी तर लहान होतो.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला तिचे कपडे ढिले व्हायला लागले. पाठ दुखायची. जेवण तेवढंच, पण वजन उतरत होतं. आधी दाजींनी ते वयावर घातलं. मी एकदा टपरीवर म्हणालो, अक्का, वाळलीस. ती म्हणाली, मीच माझं वजन करते रे दर आठवड्याला, मला माहिती आहे. मग डोळे पिवळे झाले. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग, आणि तोही पुढं गेलेला. मला तेव्हा स्वादुपिंड म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. अक्कानंच सांगितलं, पलंगावर पडल्या पडल्या, माझ्या हाताच्या पंजावर बोट ठेवून. पोटामागं असा एक अवयव असतो, त्यातून रस येतो, तो रस अन्न फोडतो. प्रथिनं फोडायला तोच लागतो. माझा रस अडलाय. जेवताना गोळ्या घेते मी त्या रसाच्या, पण फरक थोडाच पडतो. एवढं समजावलं. मग म्हणाली, "आता मला दूध काय आन् हुलगा काय, सारखंच."

हे ती कडवटपणानं म्हणाली नाही. पेशंटची फाईल वाचावी तसं म्हणाली. मला मात्र तिथं बसवेना. खाली जाऊन मी दवाखान्याच्या आवारात उभा राहिलो, कितीतरी वेळ.

नंतर दाजींनी तिला घरी आणलं, सावेडीतल्या फ्लॅटवर. त्यांना मूलबाळ नाही. दाजी स्वतः सगळं करायचे, तिच्या सांगण्यावरून दर दोन तासांनी थोडं थोडं भरवायचे. मी रोज गाडी नगरला लागली की जायचो. एका दुपारी दाजी औषधं आणायला गेले होते. चहा मी केला. तिला दुधाचा, दोन घोट. मला कोरा. ती बघत होती. म्हणाली, "बाळू, तू इतकी वर्षं कोराच चहा घेतोस. तुझ्या घरी आले तरी तुझ्या ताटाजवळ कधी ताकाची वाटीसुद्धा नसते. मी पंचवीस वर्षं लोकांची ताटं बघते आणि तुझंच विचारायचं राहिलं. दूध आवडत नाही का रे तुला?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकलो असतो. आयुष्यभर नेलीच होती. पण ती इतकी हलकी झाली होती की उशीवर तिच्या डोक्याचा खळगासुद्धा नीट पडत नव्हता, आणि तिच्याशी खोटं बोलायचे माझे दिवस संपले आहेत असं मला वाटलं.

मी तिला सगळं सांगितलं. दूध मला कधीच पचलं नाही. पेला प्यायला की पोटात गुरगुर, कळा, पहाटे पळापळ. लहानपणापासून तसंच. भरतीच्या दुसऱ्या वेळी सकाळी आईनं तांब्याभर पाजून पाठवलं होतं, पळताना पोटात अशी कळ आली की मी मैदानातच बसलो. घरी येऊन सांगितलं, पायात गोळा आला. अण्णांनी चार दिवस माझ्या पायाला तेल लावलं. आणि त्याच्या आधीची कितीतरी वर्षं, अण्णा आणि आई समोर नसले की मी पेला घेऊन गोठ्यामागं जायचो आणि ओतून द्यायचो. रोज नाही. पण खूपदा. दूध पचत नाही हे सांगितलं असतं तर पेला बंद झाला असता. पेला बंद झाला असता म्हणजे मी मिलिटरीत जाणारा पोरगा राहिलो नसतो. मग मी कोण राहिलो असतो?... एवढं मला तेव्हा शब्दांत कळत नव्हतं, पण पोटात कळत होतं.

अक्का ऐकत होती. तिचा चेहरा बदलला नाही. मग ती सावकाश म्हणाली, "मी तर चुलीपाशीच बसलेली असायची. मला दिलं असतंस तर कुणाला कळलंबी नसतं."

तेवढं साधं मला सुचलंच नव्हतं, आणि हे म्हणणं ओतून देण्याहून वाईट होतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं. दाजी आले, मी उठलो, गाडीची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तिनं डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाजींशी बोलली, माझ्याशी नाही. आमच्या उभ्या आयुष्यात ती माझ्याशी अबोला धरून बसली नव्हती. दाजींना मी काही सांगितलं नाही. परतीच्या गाडीत लोक हात पुढं करून उभे राहायचे आणि मला तिकीट कुठलं ते दोनदा विचारावं लागायचं.

चौथ्या दिवशी दुपारी मी शेवगावच्या स्टँडवर डबा खात होतो, तेव्हा तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक. मध्ये मध्ये दम घेत होती. आधी तिनं मला दवाखान्यातल्यासारखे प्रश्न विचारले. कळ किती वेळानं यायची? दह्यानं व्हायची का? ताकानं? मी सांगितलं, दह्यानं कमी. मग ती म्हणाली, "तुला दुधातली साखर पचत नव्हती. पुष्कळांना पचत नाही. प्रथिनं वेगळी. कळा आल्या तरी प्रथिनं लागतात. ज्या दिवशी प्यायलास, त्या दिवशीचं वाया नाही गेलं, बाळू. तेवढं तरी आपल्या घरात कुणाच्या अंगी लागलं."

मी म्हणालो, अक्का, आणि ओतलं ते?

ती म्हणाली, "ते ओतलंस." आणि मग, "उद्या येताना तुझ्या घरचे शेंगुळे आण. खाववणार न्हाईत, पण वास घेईन."

मी नेले. बायकोनं आईच्या पद्धतीनं केले होते, लसूण-जिऱ्याचे. अक्कानं वाटी दोन्ही हातांत धरून नाकाजवळ नेली आणि बराच वेळ धरून ठेवली. एक तुकडा जिभेवर ठेवला. मग दाजींना म्हणाली, बाळूला वाढा, तुम्हीही घ्या. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून जेवलो. ती आमच्याकडं बघत होती, ताटाकडं नाही. फोनवर ती जे बोलली ती क्षमा होती, की माझ्या चुकीच्या समजुतीची एका जाणकार बाईनं केलेली दुरुस्ती होती, हे मला अजून ठरवता येत नाही. तिच्या स्वभावात दोन्ही एकाच आवाजात निघायचं. त्यानंतर ती अठरा दिवस होती. दुधाचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिला जाऊन आता दोन महिने होत आले. गेल्या शनिवारी मी गावातली ती डेअरीची खोली आवरायला गेलो. जागा ज्यांची आहे त्यांनी कधी घाई केली नव्हती, पण मलाच वाटलं, किल्ली परत द्यावी. सतरंज्या घडी करत होतो, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. उन्हानं रापलेली, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. त्याच आठवड्यात ऊसतोडीहून घरं परतली होती. तिनं आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, मॅडम न्हाईत का? उसावरनं आल्यावर वजनाला आन म्हनल्या हुत्या.

मी सांगितलं, मॅडम गेल्या. त्यांचा भाऊ मी.

ती तशीच उभी राहिली. मग उंबऱ्यावर बसली. मुलगी तिच्या मांडीवरून उतरून सतरंजीकडं गेली. बाईनं विचारलं, काय झालं हुतं? मला त्या आजाराचं नाव तिला सांगता येईना. मी म्हणालो, "खाल्लेलं अंगी लागत नव्हतं."

"मॅडमच्या?" ती म्हणाली.

मी मान हलवली. बाईनं पदर तोंडाला लावला. मग ती आपली आपणच सांगायला लागली. उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीवर बी भिजवून घातलंय हिला. पीठ भाजून नेल्तं. मोड आनून वाटून घालायचे. मुकादमाची बायको हसायची मला. पन घातलं.

मी काटा पुन्हा आढ्याच्या हुकाला अडकवला. मुलीला झोळीत घातलं. ती रडली नाही, दोरी धरून बघत राहिली. वहीत तिचं पान सापडलं, दिवाळीआधीचा आकडा अक्काच्या हातचा, बारीक, सरळ. काटा त्याच्या पुष्कळ पुढं जाऊन थांबला. मी दोनदा पाहिलं. तिच्या आईलाही दाखवलं. आकड्याखाली आकडा लिहिला. माझं अक्षर मोठं आहे, रकान्यात मावलं नाही.

शेजारी शेऱ्याची जागा होती. तिथं अक्का काहीतरी दोन शब्द लिहायची. मी पेन टेकवलं आणि उचललं. ती जागा कोरी ठेवली. बाईला म्हणालो, पुढच्या शनिवारी आण हिला. मी असेन.